कावळ्यांचा प्रश्न राखून ठेवला आहे

१ सप्टेंबर १९८५, रविवार

आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. तंबाखू बंद. आईवर, म्हणजे माईवर, आवाज चढवायचा नाही. आणि दिवाळीपर्यंत माझ्या निवडक उत्तरांचं पुस्तक हातावेगळं करायचं.

पुस्तकाची गरज सगळ्यांना पटलेली आहे (बायको सुनेत्रा सोडून). आमच्या सोसायटीच्या गेटवर गणेशोत्सव मंडळाचा फळा आहे. पूर्वी त्यावर सुविचार असायचे आणि ते कुणी वाचायचं नाही. मग खडू माझ्या हातात आला आणि मी प्रश्नोत्तरं सुरू केली. लोक जिन्यात, नळावर, रिक्षाच्या रांगेत गाठून मला प्रश्न विचारतात. मी सकाळी ड्यूटीला जाता जाता उत्तर लिहून जातो. अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत आता मला 'उत्तरवाले टिपणीस' म्हणतात. गुरुदत्त हे नाव फक्त रेशनकार्डावर उरलंय.

आजचा फळा: 'प्रश्न – अंडं आधी की कोंबडी? उत्तर – आधी पाहुणे. मग घरात असेल ते.'

दूधवाली विठा शिवमंदिरापलीकडच्या पाड्यावरून येते. तिला वाचता येत नाही. रोज किटली खाली ठेवून विचारते, साहेब, आज काय लिवलाय? मी वाचून दाखवतो. आज इतकी हसली की मापातलं दूध सांडलं. सुनेत्राला नेमकं तेवढंच दिसलं.

संध्याकाळी माईनं विचारलं, गुरू, कावळे कुठे गेले रे? गच्चीवर किती दिवसांत एकसुद्धा बसलेला बघितला नाही. वा! क्या बात है. असा प्रश्न घाईगर्दीत वाया घालवायचा नसतो. पुस्तकाच्या शेवटच्या पानासाठी राखून ठेवला.

५ सप्टेंबर, गुरुवार

तंबाखू फक्त जेवणानंतर.

विठाचा प्रश्न: नाल्याचा पानी रोज येगल्या रंगाचा कसा? उत्तर चहाचा कप संपायच्या आत सुचलं. 'आपला नाला धार्मिक आहे. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा.' खात्री करायला मुद्दाम शिवमंदिरामागे जाऊन आलो. खरंच पिवळा होता, हळदीसारखा. रिक्षा थांबवून लोक फळा वाचत होते. विठानं विचारलं, मग म्हशीला पाजला तर चालंल ना? मी म्हटलं, प्रसाद समज. हसत हसत गेली.

फळ्याची कीर्ती कंपनीत पोचली आहे! (मी पर्सोनेल ऑफिसर. कंपनी एमआयडीसीत. रंगाला लागणारं कसलंसं केमिकल बनतं, त्याचं नाव मला उच्चारता येत नाही आणि कुणी उच्चारू नये अशीच अपेक्षा असते.) साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि बसा म्हणाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. विचारलं, लोक वासाबद्दल काही विचारतात का? मी म्हटलं, विचारतात, पण मी हसवतो. साहेब खूश. म्हणाले, कीप इट अप टिपणीस, कंपनीला लवकरच एक पब्लिक रिलेशन्स ऑफिसर लागणार आहे.

घरी येऊन सांगितलं. वृंदा (आमची कन्या, बारावी सायन्स, जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण तिला ठाऊक) म्हणाली, बाबा, तुमचे साहेब ठाण्याला का राहतात? हा प्रश्न फळ्यावर घेण्यासारखा नाही. फार पर्सनल आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

माईचा खोकला. कारण शोधून काढलं. सुनेत्रा खिडकी लावून मिरचीची फोडणी देते. खिडकी उघडायला लावली. बाहेरून वास आला. खिडकी लावायला लावली. सुनेत्रानं झारा आपटला.

रघु आला होता. माझा धाकटा भाऊ, बदलापूरला असतो. नदीकडे दोन खोल्या, अंगणात पेरू, स्वभावानं देवमाणूस म्हणजे व्यवहारात शून्य. म्हणाला, दादा, माईला माझ्याकडे नेतो, तिच्या छातीतून शिट्टी वाजतेय. मी म्हटलं, शिट्टी वाजतेय म्हणजे कुकर चालू आहे, काळजी नको. कुणी हसलं नाही. घरच्यांना फुकट मिळतं ना, कदर नाही.

माईला पाठवणं अशक्य. उत्तरवाल्याची आई हवापालटाला गेली म्हटल्यावर लोक विचारणार, हवेला काय झालंय? आणि त्याचं उत्तर मलाच द्यायला लागणार. पी.आर.ओ.ची ऑर्डर हातात पडू दे. मग बदलापूरच काय, काशीला नेतो.

माई म्हणाली, जाऊ दे रे रघु, माझं काय, मी आज आहे उद्या नाही. या बायकांना असं बोलायची सवयच असते.

१८ सप्टेंबर, बुधवार. गणेश चतुर्थी

चमत्कारिक प्रकार. काल घासूनपुसून ठेवलेली चांदीची निरांजनं सकाळी काळीठिक्कर. तबक काळं. माईची अत्तरदाणी काळी. बिल्डिंगमध्ये घरोघरी तेच. वरच्या मजल्यावरचे बाळ (हे आडनाव आहे. वय सत्तावन्न, सोसायटीचे सेक्रेटरी, माझ्यावर जळतात) निरांजन घेऊनच खाली आले आणि विचारलं, द्या उत्तर.

दिलं. 'बाप्पांना नजर लागू नये म्हणून घराघरांतून तीट लावण्यात आली आहे.' आरतीला आलेले सगळे खो खो हसले. बाळ हसले नाहीत. निरांजन नाकाशी धरून वास घेत जिना चढून गेले. वृंदा सल्फर, सल्फर करत होती. मी म्हटलं, सणासुदीला अभद्र बोलू नये.

माई आरतीला उभी राहिली नाही. खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या, त्याही अर्ध्या आरतीपर्यंतच. उदबत्तीचा धूर, दुसरं काय. उदबत्ती विझवली. तरी ढास थांबली नाही. कापूर असेल.

६ ऑक्टोबर, रविवार

आज अप्पांची तिथी. अप्पा म्हणजे आमचे वडील, जाऊन अकरा वर्षं झाली. जे झालं ते रोजनिशीत लिहिणं भाग आहे. लिहितो.

सुनेत्रानं सगळा स्वयंपाक केला. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. पान गच्चीवर ठेवलं. माई कठड्याजवळ खुर्ची टाकून बसली. कावळ्यानं शिवल्याशिवाय ती जेवत नाही, अप्पा गेल्यापासूनचा नेम. आम्ही वाट बघितली. कावळा नाही. काव काव केलं. कबुतर आलं. हाकललं. मी हात जोडून म्हटलं, अप्पा, वृंदाला इंजिनिअर करतो. काही नाही. सुनेत्रा म्हणाली, तंबाखू सोडतो म्हणा. म्हटलं. काही नाही. बाळ वाळत घातलेल्या धोतराआडून बघत होते.

ऊन चढलं. माई पाणीसुद्धा घेईना. श्वास घ्यायला तोंड उघडत होती आणि तशीच आभाळाकडे बघत होती. म्हणाली, अप्पांचं काहीतरी राहिलंय, त्याशिवाय असं होणार नाही. गाईला घास घालतो म्हटलं तर म्हणाली, गाय गाईच्या जागी, कावळा कावळ्याच्या जागी. आईला उपाशी कसं बघायचं? मग मी कर्तव्य म्हणून एक निर्णय घेतला. माईला म्हटलं, तू खाली जाऊन जरा पड, मी बसतो राखण. ती गेली. मी आजूबाजूला बघितलं आणि पानातला वडा उचलून अर्धा खाल्ला. खीर थोडी सांडली. भात उकरला. मग खाली जाऊन वर्दी दिली, माई, आला गं! काळाकुट्ट, टपोरा, बसला आणि टोच मारून गेला!

माई धापा टाकत जिना चढून वर आली. वडा हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला. आणि म्हणाली, कावळ्याला दात कधी फुटले रे गुरू?

दिवेलागणीपर्यंत जेवली नाही. शेवटी वृंदानं मांडीवर डोकं घेऊन दूध-पोहे भरवले. मला वाटतं खोटेपणापेक्षा तिला वडा गेल्याचं जास्त लागलं. वडे छान झाले होते.

माईला शब्द दिला आहे. सर्वपित्रीला पान घेऊन तिला बदलापूरला रघुकडे नेणार. तिथे कावळे आहेत म्हणे. एका दिवसासाठी, परत आणण्याच्या बोलीवर.

१४ ऑक्टोबर, सोमवार. सर्वपित्री

ऐन वेळी साहेबांचा निरोप. इन्स्पेक्शनला पाहुणे आले आहेत, त्यांना तुमचा फळा दाखवायचाय, हजर राहा. नाही कसं म्हणणार?

खास लिहिलं. 'प्रश्न – अंबरनाथची हवा कशी आहे? उत्तर – शुद्ध तुपासारखी. सवय नसली की बाधते.' पाहुण्यांनी हसून हसून रुमाल काढले. नाकालाही लावले. साहेब त्यांना म्हणाले, बघा, आमचे लोक किती आनंदी आहेत. मला खांद्यावर थाप!

घरी आलो तर माई नऊवारी नेसून, डब्यात पान बांधून दाराशी बसलेली. सकाळपासून. मी म्हटलं, माई, पुढच्या वर्षी नक्की. ती हो म्हणाली आणि डबा सुनेत्राकडे दिला. डबा थंड झाला होता. थोडं वाईट वाटलं. फार नाही. थोडं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी. पुस्तक तयार नाही. कारण दर्जा. घाई करून चालत नाही. तंबाखू सणापुरती.

माई आता आडवी झोपत नाही. भिंतीला तीन उशा लावून बसूनच डोळा लागतो तिचा. फटाके! या पोरांना काही दयामाया आहे का? बाळांकडे तक्रार केली. बाळ म्हणाले, टिपणीस, त्या दिवाळीआधीपासूनच बसून झोपतात, आम्हाला वर ऐकू येतं. लोकांना दुसऱ्यांच्या घरात कान लावायला वेळ कसा मिळतो हा एक प्रश्नच आहे. (फळ्यासाठी.)

रघु फराळ घेऊन आला. पुन्हा तेच टुमणं. या वेळी सुनेत्रा आणि वृंदा त्याच्या बाजूनं. मी म्हटलं, ऑर्डर या महिन्यात निघतेय, साहेबांनी स्वतः सांगितलंय, तेवढं थांबा. माईला विचारलं तर म्हणाली, गुरूचं होऊ दे. बघा! तिचीच इच्छा आहे.

विठा भाऊबिजेआधीच येऊन गेली. म्हैस मेली म्हणाली. तोंडाला फेस आला आणि बसली ती उठलीच नाही. मला वाटलं आता ही भांडणार, कारण प्रसाद वगैरे मी बोललो होतो. भांडली नाही. तिनं विचारलं, साहेब, आता गाय घेऊ का नको? किटली रिकामी होती आणि ती उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला काहीच सुचलं नाही. पहिल्यांदाच असं झालं. म्हणून म्हटलं, घे.

३ डिसेंबर, मंगळवार

आज भोपाळला वर्ष झालं. जिन्यात सगळ्यांचा एकच प्रश्न, अंबरनाथचं भोपाळ होईल का? लोक फार घाबरट झालेत. 'उत्तर – शक्य नाही. भोपाळला तलाव आहेत. आपल्याकडे नळालाही पाणी नाही.' जमलं. पण हशा नेहमीसारखा उठला नाही. थंडीमुळे लोक तोंड उघडत नसावेत.

सुनेत्रा म्हणाली, अहो, एकदा तरी खरं उत्तर लिहा. मी विचारलं, खरं काय? तर ती स्वयंपाकघरात निघून गेली. बघा, तिलाही माहीत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार. सकाळ

आजचा दिवस माझा आहे. लगेच लिहून ठेवतो.

उजाडलं तर नाल्याच्या अंगानं पांढरा थर सरकत येत होता. आधी गुडघाभर, मग कमरेइतका. वास कुजक्या लसणासारखा. बिल्डिंगमधले सगळे खाली. कुणाच्या हातात बॅग, कुणाच्या कडेवर पोर. बाळ मफलर गुंडाळून. त्यांनी, म्हणजे बाळांनी, स्वतः मला विचारलं, टिपणीस, तुम्ही कंपनीतले, सांगा, निघायचं की थांबायचं? आणि सगळी बिल्डिंग माझ्याकडे बघत उभी राहिली. वाण्याच्या दुकानातून कंपनीला फोन लावला. कुणी उचलला नाही. म्हणजे काही नाहीच, असतं तर उचलला असता.

खडू घेतला आणि लिहिलं. 'प्रश्न – हे काय आहे? उत्तर – धुकं. महाबळेश्वरला याचं भाडं घेतात.'

आणि लोक हसले. तोंडाला पदर, रुमाल लावून हसले, आणि आपापल्या घरी वर गेले. बाळसुद्धा गेले! एवढा विश्वास! माईलाही खिडकीशी बसवलं, म्हटलं बघ, फुकट महाबळेश्वर. आता चहा.

१४ डिसेंबर, दुपार. उल्हासनगर कॅम्प ५, हॉस्पिटलचा व्हरांडा

रोजनिशी पिशवीत आली चुकून. बसल्या बसल्या काय करणार?

माईला ऑक्सिजन लावलाय. चहा गाळत होतो तेवढ्यात वृंदा ओरडली. माईचे ओठ निळे, हात हवेत काहीतरी पकडायला चाललेले. रिक्षावाला डोळे पुसत पुसत चालवत होता. आमच्या बिल्डिंगमधले आणखीही आहेत इथे. बाळांच्या सुनेला सलाईन आहे. सगळे व्हरांड्यात ओळीनं बसलोय. कुणी मला काही विचारत नाही.

डॉक्टर सिंधी आहेत, तरुण. म्हणाले, साईं, पहले क्यों नहीं लाये? किसने बोला था घर में बैठने को? बाळांनी माझ्याकडे बघितलं. नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी डॉक्टरांना म्हटलं, विंटर में ऐसा होता है. त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. विनोदबुद्धी शून्य.

थोड्या वेळानं माईनं डोळे उघडले. मला बोटानं जवळ बोलावलं. मास्क बाजूला करून म्हणाली, गुरू, तुझा चहा राहिला ना रे?

इथे फिनेल फार वापरतात. डोळ्यांत जातं.

२० डिसेंबर, शुक्रवार

माईला डिस्चार्ज. मी रिक्षा आणायला गेलो आणि परत येतो तर रघुनं तिला टॅक्सीत बसवलं होतं. सरळ बदलापूर. मला विचारलंसुद्धा नाही. सुनेत्रा आणि वृंदाही त्याच टॅक्सीत, चार कपडे घेऊन, चार दिवसांसाठी. वृंदा माझ्याशी बोलत नाही. अभ्यासाचं टेन्शन.

मला निघता येत नाही. ऑर्डर कधीही निघेल. शिवाय फळा कोण बघणार?

फळ्यावरचं धुक्याचं उत्तर कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलेलं दिसलं. कोपरे सोडून, जोर लावून. दवानं गेलं असेल.

१२ जानेवारी १९८६, रविवार

प्लॅन पक्का होता. तिळगूळ घेऊन बदलापूरला जायचं, गोड बोलायचं आणि संक्रांतीच्या आत तिघींना घेऊन परत यायचं. टॅक्सीवाल्याला थांबायलाही सांगितलं होतं.

माई अंगणात होती. पेरूखाली, उन्हात. उभी! हातात ताट. मला बघून हसली. खोकला नाही. श्वास घेतलेला कळतसुद्धा नव्हता. रघुची बायको म्हणाली, परवा नदीपर्यंत चालत जाऊन आल्या. मी म्हटलं, मग बरंच झालं, आता घरी जायला हरकत नाही.

माईनं भाताचा घास कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. हात मागे घ्यायच्या आत कावळे आले. भिंतीवर, पेरूवर, रघुच्या सायकलवर, जिकडेतिकडे कावळे. काय तो कालवा! माई म्हणाली, तो बघ लंगडा, पंख पांढुरका असलेला. आपल्या गच्चीवरचा. मी ओळखलं त्याला पहिल्याच दिवशी. आपलेच आहेत रे सगळे, अंबरनाथचे. शहाणे हो. फळा न वाचताच निघून आले.

सगळे हसले. वृंदा तर पोट धरून हसली, किती दिवसांनी. त्यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. शेवटच्या पानाचं उत्तर मिळालं, पण ते माझं नाही. पुस्तकात घेता येणार नाही.

सुनेत्रानं बाजूला घेऊन सांगितलं, तुम्हीच इकडे या, इथून कंपनी काय लांब आहे? पाया पडते म्हणाली. मी म्हटलं, लोकांना उत्तरं कोण देणार? टॅक्सी रिकामी परत आणली. निघताना माईनं डबा दिला आणि म्हणाली, तुला कधीपासून खोकला? मी म्हटलं, तिळगुळाचा तीळ अडकला. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा, आणि काही म्हणाली नाही. बोलली असती तर कदाचित राहिलो असतो. काय माहीत.

२ फेब्रुवारी, रविवार

ऑर्डर निघाली. साहेबांच्या साडूच्या नावानं. तोही ठाण्याचाच. साहेब म्हणाले, टिपणीस, तुम्ही फळ्यावरच शोभता. कौतुकच आहे एका अर्थी.

बाळ जागा सोडून कल्याणला गेले. खालचं बिऱ्हाडही गेलं. बिल्डिंग आता छान शांत आहे. लिहायला उत्तम.

आजचा फळा: 'प्रश्न – घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू का येत नाही? उत्तर – आलं असतं तर तो शेजाऱ्यांकडे तक्रार घेऊन गेला असता.' झकास! जुना टिपणीस परत आला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजचा फळा: 'प्रश्न – माणूस मेल्यावर कुठे जातो? उत्तर – आधी मुनसिपाल्टीत, दाखल्यासाठी.' लोकांनी उचलून धरला असता, पण लोक कामात असतात. विठानंही हल्ली काय लिवलाय विचारणं सोडलंय. नवीन गाईच्या काळजीत असेल. गाय नाल्यावरच जाते, पाड्यावर दुसरं पाणी कुठाय?

बदलापूरहून निरोप, रविवारी ये. बघू. खिडक्या लावून घेतल्या. दारालाही खालून फडकं लावलं. डासांसाठी.

उशा तीन पुरतात.

८ मार्च, शनिवार. महाशिवरात्र

शिवमंदिराला जत्रा. लांबून भोंगे ऐकू येतात. जायचा विचार होता, पण जिना उतरलो आणि गेटपाशीच बसलो. दम लागला होता. उपास आहे ना.

विठा देवळातून येता येता दूध द्यायला थांबली. किटलीत तळाला थोडंसं. गाय दूध चोरते म्हणाली. मी म्हटलं, ऑडिट कर तिचं. आणि हसता हसता मला उबळ आली, ती थांबेचना. विठानं किटली ठेवून माझी पाठ धरली. उबळ ओसरल्यावर म्हणाली, साहेब, यो खोकला कसला?

मी सांगितलं, काही नाही गं, खडूची धूळ. रोज उठून फळा लिहायचा म्हणजे नाकातोंडात जाणारच.

विठा हसली नाही. पदरानं हात पुसत फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, साहेब, मना वाचता नाय येत. पन फला संक्रांतीपासून कोराच हाय.